जैसलमेर की छोटं रण? (आणि मध्येच आपलं नान्नज)

वेडी_बाभूळ
परवा होटगी_नाका यांनी साधं विचारलं होतं: जानेवारीत आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेची गर्दी सरली की आईवडिलांना घेऊन पाच दिवस वाळवंट बघायचंय, जैसलमेरचं डेझर्ट नॅशनल पार्क की कच्छचं छोटं रण? त्यावर सात_रस्ता यांचं उत्तर: 'विचारायचं काय त्यात, वाळवंट म्हणजे जैसलमेर. छोट्या रणात वाळलेला चिखल आणि गाढवं. गाढवं बघायला गुजरात कशाला?' बरेच जण हसले. मला राग आला, म्हणून हे लांबण.

ती गाढवं म्हणजे घुडखर, रानगाढवं. १९६९ च्या मोजणीत ३६२ उरली होती. २०२४ ला ७६७२ भरली. आपल्या देशात एखादा मोठा प्राणी असा परत आल्याची उदाहरणं किती सांगता येतील? जीपच्या बाजूनं त्यांचा कळप सुटला की ड्रायव्हर स्वतःच गाडी हळू करतो, जनावराला दमवायचं नाही म्हणून. आणि तो 'वाळलेला चिखल' पावसाळ्यात पाण्याखाली असतो, मधली उंच बेटं तेवढी वर राहतात. ऑक्टोबरनंतर पाणी उतरलं की अगरिया लोक कुटुंबासकट तिथं राहायला येतात, जमिनीखालचं खारं पाणी पंपानं उपसून आगरं भरतात आणि उन्हाळ्यापर्यंत मीठ पिकवतात. आम्ही एका झोपडीत चहा प्यायलो. बायकोनं डब्यातली शेंगा चटणी आणि कडक भाकरी पुढे केली. त्या बाईंनी चटणी चाखली आणि म्हणाल्या, मीठ कमी आहे. सासूबाईंच्या हातच्या चटणीला असं म्हणणारं माणूस मी पहिल्यांदाच बघितलं.

जैसलमेर वाईट नाही. पण तिथल्या वाळूच्या टेकड्यांचं सम म्हणजे तंबू, डीजे आणि उंटावर बसून रडणारी पोरं. आईवडिलांना तिथं कशाला नेता?

सात_रस्ता
एवढं मोठं लिहिलंत आणि समच्या पुढे गेलाच नाहीत, हे पहिल्यांदा कबूल करा. पार्क ३१६२ चौ. किमी आहे, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत. वाळूच्या टेकड्या त्यातला लहान हिस्सा, बाकी गवत, खडक, झुडपं. पार्कातल्या सुदासरीला पहाटे जा. मला दोन गोडावण दिसले. म्हणजे आपला माळढोक! मान वर करून असे चालले होते जसे पाटीलच. अंगावर काटा आला. देशभरात मिळून दोनशेसुद्धा उरले नाहीत असा पक्षी तुमच्या गाढवाच्या बदल्यात सोडू? वाटेत आकलला ज्युरासिक काळातल्या झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत, ते वेगळंच. रणातल्या फ्लेमिंगोचं कौतुक कुणी सांगू नका, ते आपल्याला उजनीत दिसतात.

सातबारा_कोरा
दोघांचंही चूक. कागदोपत्री दोन्ही अभयारण्यंच. छोट्या रणाचं नावच घुडखर अभयारण्य. जैसलमेरचं १९८० ला अभयारण्य म्हणून जाहीर झालं, नॅशनल पार्क हे नावापुरतं. आत गावं आहेत, शेरडं-मेंढरं चरतात. नॅशनल पार्कात ते चाललं असतं का?

सात_रस्ता
बरं साहेब. कमानीवर लिहिलंय ते खोडायला जातो.

माळावरचा
माळढोक बघायला जैसलमेर! लई भारी. बार्शी रोडनं वीस किलोमीटरवर नान्नज हाय की. माझी शेती तिथंच. आमच्या आज्यानं माळढोक शेळ्यांच्या शेजारी चरताना बघितलेत, त्यात काही नवल न्हवतं. मग १९७९ ला अभयारण्य झालं. किती? ८४९६ चौ. किमी! अख्खा सोलापूर जिल्हा १४,८९५. नगरचे तालुके धरले तरी विचार करा, एका पाखरापायी केवढ्या जमिनीवर शिक्का बसला. बहिणीच्या लग्नाला वडिलांना दोन एकर विकायची होती. खरेदीखत व्हयना. हे टेबल म्हणतं त्या टेबलाला विचारा, ते म्हणतं वरनं परवानगी आणा. शेवटी सावकाराकडनं काढलं, मी नोकरीला लागल्यावर फिटलं. आता म्हणे तेच अभयारण्य १२२२ चौ. किमी केलं. म्हणजे सात हजार चौ. किमीवर वीस-तीस वर्षं उगाच बसला होतात का? आणि पाखरू कुठाय? जैसलमेरला! सहलीला जा!

वेडी_बाभूळ
तुमच्या वडिलांचं वाईट वाटलं, खरंच. पण माळढोक शिक्क्यानं गेला नाही. माळ नांगरले, ऊस आणि द्राक्षं आली, उरलेल्या गवतात वन खात्यानं झाडं लावली. त्याला लागतं उघडं गवताळ रान. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर.

माळावरचा
म्हणजे दोष आमच्या द्राक्षांचा? सोनाका ही द्राक्षाची जात नान्नजचीच बरं का, तुम्ही खाताना माळढोक आठवला का कधी? शहरातल्या माणसानं प्लॉट पाडले की विकास, आम्ही बोअर मारलं की पाखरू मेलं.

सात_रस्ता
बे, विषय काय चाललाय! जैसलमेरलाही पक्षी मरतात ते विजेच्या तारांनी. दहा-पंधरा किलोचं धूड, समोरचं नीट दिसत नाही, तार ऐन वेळी दिसली तरी वळता येत नाही. २०२१ ला सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखाली घाला म्हणून सांगितलं, २०२४ ला स्वतःच तो आदेश सैल करून समिती नेमली. आता अंडी उबवून पिल्लं वाढवायची केंद्रं आहेत. म्हणून म्हणतो, आहे तोवर बघून घ्या.

माळावरचा
'आहे तोवर बघून घ्या.' वा! आज्याला असंच सांगायला पाहिजे होतं.

सातबारा_कोरा
माळावरचा, तुमच्यासाठी एक गोष्ट. छोट्या रणाची महसुली मोजणीच कधी नीट झाली नाही, सरकारदरबारी ते 'सर्व्हे नंबर झिरो'. अगरिया पिढ्यानपिढ्या मीठ पिकवतायत आणि सातबाऱ्यासारखा कागद हातात नाही.

माळावरचा
आँ? मग आमचं बरं म्हणायचं. शिक्का तर शिक्का, कागद तरी आहे. (हे मी कबूल केलं असं कुणी समजू नका.)

कडक_भाकरी
माळढोक गेला म्हणून नान्नज संपलं का? काळवीट आहेत, लांडगे आहेत. मागच्या डिसेंबरला हुरडा खाऊन येताना संध्याकाळी लांडगा रस्ता ओलांडताना बघितला, पोरगं आठवडाभर तेच सांगत होतं. एवढं तिकीट काढून दोन्हीकडं जायचं आणि घरामागचा माळ बघायचा नाही, हे आपल्याकडंच.

सात_रस्ता
तिसरा उमेदवार उभा राहिला. हुरड्याला बोलवा, मत देतो.

वेडी_बाभूळ
मुद्द्यावर येऊ का? आईवडील आहेत, पाच दिवस आहेत. राजकोटची गाडी सोलापूरवरनं जाते, अहमदाबादला उतरलं की दसाडा-झैनाबाद शंभरेक किलोमीटर. जैसलमेरला जाऊन यायलाच तीन दिवस मोडतात. सुदासरी छान असेल, मी गेलो नाही, कबूल. पण तिथं गोडावण दिसेलच याची खात्री सात_रस्ता देणार का? आम्हाला रणात पहिल्या अर्ध्या तासात घुडखर दिसले.

सात_रस्ता
गाढव दिसायची खात्री सोलापुरातही देतो, रणात कशाला पाहिजे. पण प्रवासाचं म्हणाल तर... ठीक. म्हाताऱ्या माणसांना जैसलमेर लांब पडतं. एवढंच मान्य. वाळवंट म्हणजे जैसलमेरच.

होटगी_नाका
प्रश्न मीच विचारला होता. तुमचं चालू होतं म्हणून थांबलो. आईचे गुडघे दुखतात, जीपमध्ये बसून होईल ते बघायचं ठरलं, म्हणून अहमदाबादची तिकिटं काढली. वडिलांनी हे सगळं वाचलं. ते म्हणतात, आधी रविवारी नान्नजला जाऊ. माळावरचा, तुमचं शेत नेमकं कुठं?

माळावरचा
या. हुरडा संपत आलाय, द्राक्षं आहेत. माळढोकाचं मात्र विचारू नका.

वेडी_बाभूळ
रणात जाताना चटणी न्या. मीठ जरा जास्त घालून.