विजय झाला म्हणता, मग हे काय चाललंय?

उंबरठा (धागाकर्ता)

येशूच्या क्रूसावरच्या मरणात आणि पुनरुत्थानात दुष्टाई हरली, पण तिचा शेवट अजून व्हायचाय, ही ख्रिस्ती आशेची थोडक्यात मांडणी. ऑस्कर कुलमान या धर्मपंडिताने 1946 मध्ये हे समजावताना दुसऱ्या महायुद्धाचा दाखला घेतला. निर्णायक लढाई होऊन गेलीय, विजयदिन यायचाय. आता जो तो फ्रान्सच्या नॉर्मंडीचं नाव घेऊन तेच सांगतो: 6 जून 1944 ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य तिथल्या किनाऱ्यावर उतरलं तिथेच निकाल लागला, युरोपातला विजयदिन मात्र 8 मे 1945. आपण मधल्या अकरा महिन्यांत जगतोय.

दाखला सुटसुटीत आहे, पण मला बायबलचं शेवटचं, प्रकटीकरणाचं पुस्तक जास्त भावतं, कारण ते जास्त विचित्र आहे. पाचव्या अध्यायात दृष्टान्त बघणाऱ्या योहानाच्या कानावर येतं की यहूदा वंशातला सिंह जिंकलाय. तो बघतो तर सिंह कुठेच नाही, वध झाल्यासारखा दिसणारा कोकरा, म्हणजे ख्रिस्तच, उभा. एकोणिसाव्यात पांढऱ्या घोड्यावरचा स्वार येतो, त्याचा झगा आधीच रक्तात बुचकळलेला, आणि लढाईला अजून तोंडही लागलेलं नाही! बायबलमधल्याच यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 63 व्या अध्यायाचा आधार घेऊन कित्येक जण ते शत्रूचं रक्त मानतात. मला ते त्याचं स्वतःचंच वाटतं. तलवारही हातात नाही, तोंडातून निघते.

म्हणजे दुष्टाई हरते ती तिच्याहून दांडगी ताकद आल्यामुळे नाही. मारणं हे तिचं शेवटचं हत्यार होतं, ते वापरूनही समोरचा उठून उभा राहिला. ही आशा ज्याला खरी वाटते तो अन्यायाला 'जगरहाटी' म्हणून गप्प बसू शकत नाही, असं माझं म्हणणं. तुमचं?

तर्कट

तुमच्या त्या अकरा महिन्यांबद्दलच बोलू. नाझींपासून लपून रोजनिशी लिहिणाऱ्या ॲन फ्रँक या ज्यू मुलीचं कुटुंब पकडलं गेलं 4 ऑगस्ट 1944 ला, म्हणजे नॉर्मंडीनंतर. डीट्रिख बोनहोफर तर तुमच्याच श्रद्धेचा पाद्री. त्याला नाझींनी फाशी दिली 9 एप्रिल 1945 ला, विजयदिनाला महिनाही उरला नव्हता. 'निकाल लागलाय' हे वाक्य या दोघांच्या काय कामाचं? आणि तिथे अकरा महिने होते, इथे दोन हजार वर्षं होत आली.

उंबरठा

तारखा बिनतोड आहेत. पण ही तक्रार बाहेरून आणायची गरज नाही, ती त्याच पुस्तकात आहे. सहाव्या अध्यायात वेदीखालचे हुतात्मे ओरडून विचारतात, प्रभू, कुठवर? त्यांना कुणी गप्प करत नाही.

तर्कट

गप्प करत नाहीत, पण उत्तर काय मिळतं ते सांगायचं राहिलं तुमचं. पांढरा झगा देतात आणि सांगतात, तुमच्यासारखे आणखी मारले जायचेत, तो आकडा भरेपर्यंत थोडं थांबा. हे सांत्वन?

जुनीवही

तर्कट, ते वाक्य मलाही वाचवत नाही. आमच्यात बरेच जण ते घाईने ओलांडून पुढे जातात. तरी एक बाजू मांडतो.

हे पुस्तक कुणी लिहिलं ते बघा. रोमी साम्राज्याच्या काळात पात्म बेटावर असलेला माणूस. बहुतेक अभ्यासक काळ धरतात पहिल्या शतकाच्या अखेरीचा, सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीचा. अठराव्या अध्यायात 'बाबेल' (म्हणजे रोमच) पडते तेव्हा व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल घ्यायला कुणी उरत नाही. तिथे मालाची यादीच दिलीय: सोनं, रुपं, मोती, जांभळं कापड, हस्तिदंत, दालचिनी, द्राक्षारस, तेल, गहू, गुरं, घोडे, रथ, आणि सगळ्यात शेवटी गुलाम, माणसांचे जीव. दुष्टाई म्हणजे शिंगंवाला सैतान एवढंच त्याला म्हणायचं नाहीये. गव्हाच्या आणि घोड्यांच्या ओळीत माणूस लिहिणारी वही म्हणजेही दुष्टाई. ती एक दिवस कायमची मिटेल हे ऐकायला रोमच्या सरदाराला आवडलं नसतं, त्याच्या गुलामाला आवडलं असतं.

तर्कट

मार्क्स धर्माला अफू म्हणाला होता. वर गेल्यावर सगळं मिळेल, तोवर सोसा.

जुनीवही

अफूने माणूस झोपतो. नॅट टर्नर हा गुलाम असल्याच दृष्टान्तांनी पेटून 1831 मध्ये व्हर्जिनियात बंड करून उठला.

तर्कट

आणि त्या बंडात लहान मुलंही कापली गेली, तेही सांगा की. 1534 मध्ये जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात काही जणांना वाटलं, नवं यरुशलेम, म्हणजे प्रकटीकरणातली देवाची नगरी, इथेच उतरणार. वर्षभरात शहरात सक्ती, मुंडकी उडवणं आणि उपासमार. अंतिम विजय आपल्या बाजूने ठरलाय असं एकदा वाटलं की माणूस कोकरा राहत नाही हो. हा माझा खरा आक्षेप. झोपलेल्यांची मला एवढी भीती नाही.

उंबरठा

म्हणून तर मी त्या झग्यावरच्या रक्तावर एवढा अडून बसलोय. ते शत्रूचं मानलं की म्युन्स्टरची वाट मोकळी होते. टर्नरच्या बाबतीत मात्र मला एवढ्या सहज न्यायनिवाडा करवत नाही. गुलामगिरीत रोज चाललेली हिंसा हिशेबात धरली जात नाही आणि बंडाची धरली जाते, हेही खटकतं.

खडूफळा

सगळे मधल्या काळावर भांडताहात. माझी शंका शेवटाबद्दल आहे. अनंतकाळ जळणारा नरक खरा असेल तर दुष्टाई संपली कुठे? तिला एक कायमचा पत्ता मिळाला इतकंच. देवाचा द्वेष करणारे जीव कायम आहेत आणि वर नवी सृष्टी आनंदात, याला अंतिम विजय म्हणायचं?

निसाचा ग्रेगरी हा बिशप चौथ्या शतकातच म्हणत होता की देव 'सर्वांत सर्व काही' होणार असेल (1 करिंथ 15:28) तर वाईटाला राहायला जागाच उरणार नाही, सगळे अखेर शुद्ध होऊन परततील. त्याच्या आधी असंच काहीसं मांडणाऱ्या ओरिगेन या धर्मपंडिताला 553 च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने पाखंडी ठरवलं. ग्रेगरी मात्र आजही संत! (चर्चचा हा हिशेब मला कधी कळलेला नाही.)

जुनीवही

ग्रेगरी गोड वाटतो, पण मग नको म्हणणाऱ्याच्या नकाराचं काय? ऑगस्टीन या जुन्या धर्मपंडिताचं उत्तर रुक्ष असलं तरी सरळ आहे: न्याय झाला की दुष्टाईचं राज्य संपतं, शिक्षा भोगणारा कैदी राज्य करत नाही. तिसरं मत असं की अग्नी म्हणजे पूर्ण नाश. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात मृत्यू आणि अधोलोक हेच अग्नीच्या सरोवरात टाकले जातात, आणि त्याला 'दुसरं मरण' म्हटलंय, दुसरं जगणं नाही. जॉन स्टॉटसारख्या इव्हँजेलिकल (बायबलचा शब्द प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) पुढाऱ्याने 1988 मध्ये चाचरतच का होईना, हे मत उघड मांडलं. माझा कल तिकडेच. पण चौदाव्या अध्यायातला शिक्षा भोगणाऱ्यांच्या पीडेचा युगानुयुग वर चढणारा धूर या मताला जड जातो, हेही खरं.

खडूफळा

मग अजून एक कोडं घ्या. एकविसाव्यात नव्या नगरीच्या वेशी कधीच बंद होत नाहीत. बाविसाव्यात खुनी, मूर्तिपूजक, लबाडी करणारे 'बाहेर' आहेत. सगळ्यांना विसाव्यातच सरोवरात टाकलं होतं ना? मग बाहेर कोण उरलंय, आणि वेशी उघड्या कुणासाठी?

जुनीवही

ते दृष्टान्त आहेत, वेळापत्रक नाही. शेवटची ओळ आज वाचणाऱ्याला इशारा म्हणून आलीय असं मी वाचतो.

उंबरठा

मी उघड्या वेशी शब्दशः घेतो.

तर्कट

धूर शब्दशः नाही, वेशी शब्दशः. सोयीनुसार चाललंय! पण वेशी खरंच उघड्या असतील तर मलाही त्या धुरापेक्षा त्याच बऱ्या वाटतील, एवढं लिहून ठेवा. वेदीखालच्या लोकांचं उत्तर मात्र अजून कुणी दिलेलं नाही.