डिजिटल मशीन येतंय, ऑपरेटर ट्रेनिंगआधी काय तयारी करू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नारायण पेठेत आमचा छोटा छापखाना आहे. टू-कलर ऑफसेट, कटिंग मशीन आणि नंबरिंगपुरती ठेवलेली जुनी ट्रेडल (दाबून छापायचं हातभरणीचं मशीन). पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल अशी कामं. शंभर-दोनशे प्रतींसाठी प्लेट काढणं आता परवडत नाही, म्हणून टोनरवर चालणारं डिजिटल मशीन घेतलंय. १३ बाय १९ इंची शीट, कागद ३५० जीएसएम वजनापर्यंत. मशीन बसलं की कंपनीचा ट्रेनर दोन-तीन दिवस येणार आहे.

ट्रेनिंगला बसवायचं कोणाला, इथेच अडलंय. मशीनमन काका बाबांच्या काळापासून आहेत. शीट उजेडात तिरकी धरून मजेंटा चढलाय की नाही ते सांगतात. पण म्हणतात, "ताई, त्या खोक्यात ना शाई दिसते ना पाणी, मी काय शिकणार? त्या डीटीपीवाल्या पोराला बसवा." पोरगा हुशार आहे, पण त्याला कागदाची ग्रेन (तंतूंची दिशा) विचारली तर गुगल करतो.

शिवाय ट्रेनर येण्याआधी आम्ही काय तयार ठेवावं? लग्नसराई आणि ट्रेनिंग एकदमच येणार असं दिसतंय.

शाईवाला:
दोघांनाही बसवा, आणि काकांना पुढच्या खुर्चीवर. बटणं महिनाभरात कोणीही शिकतं. डिजिटलवर निम्म्या अडचणी कागदाच्या असतात, आणि त्या पोराला कळणार नाहीत.

ट्रेनर सोबत गुळगुळीत कोटेड कागद आणि स्वतःची डेमो फाइल आणतो. त्यावर सगळं सुंदरच येतं. तुम्ही तुमचा कागद काढून ठेवा. पत्रिकेचा टेक्स्चरवाला बोर्ड, मेटॅलिक चमक असलेला, साधा मॅपलिथो (बिनकोटिंगचा कागद), ३०० चा आर्ट कार्ड, सगळ्याच्या थोड्या थोड्या शीट. टेक्स्चरच्या खळग्यांत टोनर नीट बसत नाही. मेटॅलिकचा घोळ वेगळा: टोनर विद्युतभारावर कागदाकडे ओढला जातो, त्यामुळे धातूचा थर असलेल्या कागदावर छपाई डागाळते, कधी मशीनलाही त्रास होतो. कुठला बोर्ड चालेल आणि कुठला बाद, हे ट्रेनरसमोरच ठरवून घ्या.

आणखी एक. पत्रिकेची बॉर्डर ऑफसेटवर छापून नावं डिजिटलवर टाकायचा विचार असणारच (आम्हा सगळ्यांचाच असतो). फ्यूजरमध्ये (टोनर वितळवून कागदावर बसवणारे रोलर) दीडशे-दोनशे अंशांची उष्णता असते. साधी ऑफसेटची शाई तिथे मऊ पडून रोलरला लागते. शीट एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मारलेली स्प्रे पावडर आत साठते, ती निराळीच. उष्णतेत टिकणारी शाई, पावडर अगदी कमी, आणि शीट पूर्ण सुकल्याशिवाय मशीनमध्ये घालायची नाही. हे काकांचंच खातं आहे.

कटिंगमास्तर:
वरच्याशी सहमत. फक्त खोलीचं बघा आधी. पावसाळ्यात पेठेतल्या तळमजल्यावर कागद दमट होतो, मग कर्ल, जॅम आणि फिकट डाग. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के धरून चला, आर्द्रतेचा साधा मीटर भिंतीला लावा. रिम आदल्या दिवशी त्याच खोलीत आणून ठेवायची, वेष्टन मात्र लावायच्या वेळीच फोडायचं. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

आणि जाड कार्ड क्रीझ केल्याशिवाय (घडीच्या रेषेवर दाबून खाच पाडल्याशिवाय) घडी घालू नका. घडीवर टोनर तडकतो, ग्रेनच्या आडवी घडी असेल तर जास्तच. ट्रेनर हे सांगत नाही, कारण घडी त्याच्या मशीनच्या बाहेर पडते.

पीडीएफपीडित:
पोराचा गृहपाठ मी देतो. गेल्या सीझनच्या खऱ्या फाइली काढा, त्यातल्याही वाईट. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो, जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेली कोरलची पत्रिका, ब्लीड (कापताना जाणारी कडेची जास्तीची छपाई) न ठेवलेलं कार्ड. फॉन्ट कर्व्ह करून (अक्षरांचे आकार बनवून) किंवा फाइलमध्येच एम्बेड करून पीडीएफ काढा आणि ट्रेनरसमोर रिपमध्ये (फाइल छपाईसाठी तयार करणारं सॉफ्टवेअर) टाका. जोडाक्षरं तुटतात का, रफार जागेवर राहतो का, ते काकांना वाचायला द्या. वधूच्या आडनावातला रफार उडाला तर पत्रिका परत येते, रंग कितीही चांगला असो.

मंडळाचा भगवा मुद्दाम छापून बघा. ऑफसेटवर तुम्ही डब्यातली केशरी शाई वापरता. इथे मजेंटा आणि पिवळ्यातून तो रंग करायचा, तेवढा झळझळीत येत नाही. गिऱ्हाईकाला आधी प्रूफ दाखवलेलं बरं.

आणि पावतीपुस्तकाचं नंबरिंग व्हेरिएबल डेटावर (दर शीटवर बदलता मजकूर छापणं) शिका. 'कट अँड स्टॅक' मांडणी मागा, म्हणजे कापल्यावर गठ्ठे एकावर एक ठेवले की नंबर ओळीने येतात. ट्रेडलला सुट्टी.

शाईवाला:
राहिलंच. ट्रेनिंगमध्ये निघालेल्या शीटचं क्लिक (दर छापामागचा कंपनीचा आकार) कोण भरणार, ते आधी लेखी घ्या. टेस्ट प्रिंटही मीटरवर चढते.
कॅलिब्रेशन (मशीनचे रंग जुळवणं) रोज सकाळी, मशीन गरम झाल्यावर. ट्रेनरनं करून दाखवलं यावर भागवू नका, काकांच्या हातून करून घ्या. जॅम काढणं, वेस्ट टोनरची बाटली बदलणं, तेही. मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा, पोरगा त्यासाठीच आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. स्प्रे पावडरचं वाचून दाखवलं तर काका म्हणाले, "मग हे मला विचारायला नको होतं का मशीन घेताना?" आणि गोदामात जाऊन बोर्डांचे नमुने काढायला लागले. बसतील असं वाटतंय.

आर्द्रतेचा मीटर आजच आणते. क्लिकचं कंपनीला ईमेलनं विचारलंय. एक शेवटचं: क्रीझिंगसाठी ट्रेडलवरच रूल (खाच पाडणारी पट्टी) बांधून चालेल, की वेगळं क्रीझिंग मशीन घ्यावं लागेल?

कटिंगमास्तर:
शंभर-दोनशे पत्रिकांना ट्रेडल उत्तम. रूलची जाडी कार्डाप्रमाणे बदला आणि खालचं चॅनल (पट्टी जिथे दाबते ती खोबण) नीट बसवा. विकू नका ती!