अनुभव धागा : घरात मुरलेले सिनेमाचे संवाद

इंदूरच्या मराठी घरात एका वाक्यात धनंजय माने येतो, तर पुढच्यात गब्बर. तुमच्याकडे रोजच्या बोलण्यात कोणता संवाद मुरलाय, तो कधी आणि कोणावर सुटतो, समोरच्याचं काय होतं, ते लिहा. नुसती यादी नको, ती सगळ्यांना पाठ आहे.

सुरुवात मीच करते. 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा, पण आमच्याकडे बुडीत उधारीला अजून "सत्तर रुपये वारले" असंच म्हणतात. बाबांचं राजवाड्याजवळ कापडाचं दुकान. ज्या गिऱ्हाइकाकडून वसुलीची आशा सुटली, त्याच्या नावापुढे लाल पेनने 'वारले' लिहायची त्यांची पद्धत. हिशेबाला नवा मुलगा आला, हिंदीवाला. त्याने कोणाला तरी अर्थ विचारला असावा. चेहरा पाडून बाबांकडे आला, "अंकल, इतने सारे ग्राहक गुजर गए?" बाबा म्हणाले, "ग्राहक सब मजे में हैं बेटा, पैसे गुजर गए."

राजेंद्रनगरहून
आमच्याकडे बेल वाजली की आतून कोणीतरी ओरडतंच, "धनंजय माने इथेच राहतात का?" परवा पार्सलवाला होता. त्याने डब्यावरचं नाव वाचलं, "नहीं भिया, ये तो किसी और का है," म्हणाला आणि जिना उतरला. आतला मिक्सर आमचाच होता. चपला न घालता धावावं लागलं.

रामबागेतून
"इतना सन्नाटा क्यों है भाई?" आजोबा, रोज, वीज गेल्यावर.
(हे घरोघरी आहे हो, नवीन काहीतरी सांगा.)

विजयनगर, ऑफिसातून
मी जरा वैतागून लिहितोय. 'हेरा फेरी' २००० साली आला आणि तेव्हापासून चष्मा लावणारा प्रत्येक मराठी माणूस बाबूराव. माझं आडनाव आपटेसुद्धा नाही. मूळ गोष्ट मल्याळम सिनेमाची, काम केलं परेश रावलने, तो गुजराती, आणि बिल फाडलं आमच्या नावावर! तरी खरं सांगायचं तर काम अंगावर आलं की "उठा ले रे बाबा" माझ्याच तोंडून आधी निघतं.

स्नेहलतागंजातून
आमच्या यांना कोणाशीही माझी ओळख करून देताना "हा माझा बायको पार्वती" म्हणायची खोड आहे. माझं नाव पार्वती नाही. इथे सगळे हसतात, विषय संपतो. पण पुण्याला मामेसासूबाईंच्या शेजारणीसमोर हेच झालं. आधीच तिकडे समज, की इंदूरकरांना हिंदीमुळे 'तो-ती-ते' कळत नाही. काकूंनी हातातली बशी खाली ठेवली आणि अगदी मायेने म्हणाल्या, "'हा' नाही रे बाळा, 'ही' माझी बायको." यांनीही शहाण्या मुलासारखं म्हणून दाखवलं, "ही माझी बायको." मी पदराआड खोकत बसले. पुण्यात राहून बनवाबनवी न पाहिलेली बाई असू शकते, यावर आमच्या सासऱ्यांचा अजून विश्वास बसत नाही. काकू मात्र मामींना फोनवर अधूनमधून विचारतात म्हणे, "तुमच्या भाच्याचं मराठी सुधारलं का?"