डान्स म्युझिकची मासिकं म्हणजे नुसती डीजेंची थोबाडं?

रद्दीप्रेमी
सबवूफर यांनी परवा लिहिलं की मिक्समॅग, डीजे मॅग वगैरे म्हणजे गुळगुळीत कागदावर डीजेंची थोबाडं आणि मधेमधे पार्ट्यांच्या जाहिराती, हे संगीत नाचायला असतं, वाचायला कोण जातंय. वाचून डोकंच फिरलं, तिथल्या प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

मिक्समॅग १९८३ ला निघालं ते डीजेंसाठीचं साधं कृष्णधवल पत्रक म्हणून. चकचकाट नंतरचा, नव्वदीत ब्रिटनमधले क्लब धो धो चालायला लागले तेव्हाचा. आणि तेव्हाही मागच्या पानांवर बारीक टायपात रिव्ह्यू असायचेच, ट्रॅक, लेबल, बेसलाइन कशी आहे ते चार ओळीत. मी डोंबिवलीहून येऊन फाउंटनच्या फुटपाथवर मिक्समॅग, मुझिक, नशीब असेल तर जॉकी स्लट उचलायचो. कव्हरवर गोंदाचा पिवळट डाग, कारण फुकटची सीडी विकणाऱ्याने आधीच सोलून वेगळी विकलेली. मग ती नावं वहीत उतरवायची आणि सायबर कॅफेत शोधत बसायचं. आम्हाला हे संगीत आधी डोळ्यांनी कळलं आणि मग कानांनी, त्यामुळे पान कसं लावलंय याला आमच्यासाठी फार किंमत होती.

सबवूफर
मागच्या पानांचं ठीक आहे, सोडलं. पण कव्हरवर कोण असायचं ते सांगा ना. डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या टेक्नो ग्रुपची मंडळी तोंड झाकून वावरायची, लोकांनी आवाजाकडे लक्ष द्यावं म्हणून. व्हाइट लेबल रेकॉर्डवर तर नावसुद्धा नसायचं. या मासिकांनी त्या सगळ्यावर चेहरे चिकटवले. डीजे मॅगचा टॉप १००, म्हणजे डीजेंची क्रमवारी, १९९७ पासून वाचकांच्या मतांवर ठरतोय आणि डीजे लोक इलेक्शनमधल्या नगरसेवकांसारखे मतं मागत फिरतात. कोण किती चांगलं वाजवतो याचा संबंधच उरला नाही.

अक्षरजुळारी
टॉप १०० वरून अख्ख्या परंपरेला शिव्या घालू नका. बॉइज ओन हे फॅन्झिन, म्हणजे चाहत्यांनीच काढलेलं हौशी मासिक, १९८६ पासूनचं, लंडनच्या पोरांनी स्वतःच्या खर्चाने काढलेलं, त्यात कुठला आलाय चकचकाट. आणि द फेस या ब्रिटिश मासिकात नेव्हिल ब्रॉडी या डिझायनरने १९८१ ते ८६ स्वतः अक्षरं काढून मथळे लावले, त्याचा असर पुढे कितीतरी वर्षं क्लबांच्या फ्लायरवर, म्हणजे पार्टीच्या पत्रकांवर, दिसत होता. माझं करिअरच त्यातून सुरू झालं. नाहीतर आपले दिवाळी अंक बघा, मुखपृष्ठावर तीच नथ, तोच आकाशकंदील आणि आत पानभर मजकुराला श्वास घ्यायला जागा नाही!

एक मात्र मान्य, जर्मनीचं टेक्नोचं मासिक फ्रंटपेज कित्येकदा वाचताच यायचं नाही, रंगावर रंग आणि त्यावर मजकूर. रे गन तर रॉकचं मासिक, तिथे डिझायनर डेव्हिड कार्सनने १९९४ मध्ये अख्खी मुलाखत डिंगबॅट्समध्ये, म्हणजे निव्वळ चिन्हांत लावली, आणि लोक अजून त्याचं कौतुक करतात. मला तो वाचकाचा अपमान वाटतो.

बार्देसकर
तुमचे फॉन्ट चालू द्या. मला एवढंच सांगा, या मासिकांत पार्ट्यांसाठी आमचं गोव्यातलं हणजूण इतक्यांदा आलं, त्यात हणजूणचा माणूस कितीदा दिसला? माडाची काळी आकृती, फ्लोरोसंट पडदे, सूर्योदय, नाचणारे गोरे, झालं. माझी आजी शेवटच्या आजारात होती, डिसेंबरचा महिना, पहाटे चारला पार्टीच्या आवाजाने खिडकीची तावदानं थरथरत होती आणि ती दर ठोक्याला डोळे उघडायची. मामा तक्रार करायला गेला तर उद्या या म्हणाले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही हा नियम २००० पासून आहे. कागदावर.

चटईवाली
मीही त्याच बार्देस तालुक्यातली. माझी आई त्याच पार्ट्यांत चटई टाकून रात्रभर चहा आणि ऑम्लेट विकायची, पंपाचा स्टोव्ह, घासलेटचा दिवा, आणि त्या पैशांवर आम्हा भावंडांच्या फिया भरल्या. पार्टी बंद पडली की तुम्हाला झोप लागायची, आमच्या घरात चिंता असायची.

बार्देसकर
म्हणजे तुमच्या फीसाठी आमच्या म्हातारीने तडफडायचं?

चटईवाली
असं मी म्हटलेलं नाही आणि माझ्या आईच्या कष्टांवर बोलायचं नाही. फोटोंचं मात्र तुमचं खरं आहे. त्या चटया प्रत्येक पार्टीच्या कडेला असायच्या, शेकडो लोक तिथे बसून उजाडायची वाट बघायचे.

पुणे१६
गोव्याचं एकट्याचं रडगाणं नको. सनबर्न हे डान्स म्युझिकचं फेस्टिव्हल २००७ ला गोव्यात कांदोळीत सुरू झालं आणि २०१६ ला आमच्याकडे केसनंदला आलं, तो ट्रॅफिक आम्ही भोगलाय.

बार्देसकर
चार दिवस भोगलात. आमच्याकडे सीझन असतो.

रद्दीप्रेमी
धागा मासिकांचा होता! तरी सांगतो, चहाच्या चटईचा फोटो मी बघितलेल्या एकाही अंकात नव्हता, हे बार्देसकरांना द्यावं लागतंय. पण तो दोष फोटोग्राफर पाठवणाऱ्याचा. आता इन्स्टावर काय दिसतं, ड्रोनमधून गर्दी आणि स्टेजवरचे लाइट, माणूस तर सोडाच, ट्रॅकचं नावसुद्धा नाही. मुझिक २००३ ला गेलं, जॉकी स्लट २००४ ला, कोविडात मिक्समॅगची छपाई थांबली. चटईवाल्या बायकांवर आठ पानं लावायला जागा कुठे उरली? आठ पानं, नीट फोटो, त्यांच्या शब्दांत. ते मासिकातच होऊ शकतं.

सबवूफर
असा अंक निघाला तर मी विकत घेईन, कव्हरवर डीजे नसेल तरच.

बार्देसकर
काढा. त्यात तक्रारवहीचं एक पान आमचं.