मदत हवी आहे: ड्रीमकास्टच्या लेझरचा प्रीसेट फिरवला गेला आहे, त्याची योग्य जागा कशी शोधावी?

नमस्कार.

सेगा ड्रीमकास्ट या व्हिडिओ गेम यंत्राच्या चकती-ड्राइव्हविषयी जाणकारांची मदत हवी आहे. यंत्र आम्ही १९९९ च्या डिसेंबरमध्ये न्यू जर्सीत माझ्या मुलासाठी घेतले होते. २००४ मध्ये पुण्याला परतताना ते सोबत आणले आणि तेव्हापासून ते २३० व्होल्टचे ११० करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर चालते. उत्पादन थांबवत असल्याचे सेगाने २००१ च्या जानेवारीतच जाहीर केले होते, त्यामुळे कंपनीकडून सुटा भाग मिळण्याचा प्रश्न उरलेला नाही. जो लेझर हातात आहे तोच वाचवायचा आहे.

दोष असा आहे. गाण्यांची साधी सीडी पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत विनातक्रार वाजते. खेळाची मूळ चकती घातली की ती फिरू लागते, पिकअप (लेझर आणि भिंग असलेला सरकता भाग) दोन-तीन वेळा मागेपुढे सरकल्याचा आवाज येतो आणि शेवटी पडद्यावर यंत्राचा मुख्य मेनू येऊन थांबतो. चार प्रयत्नांत एखादा यशस्वी होतो, आणि यंत्र अर्धा तास तापल्यावर तोही होत नाही.

मागील वर्षी मी ते एका दुरुस्तीच्या दुकानात दिले होते. तेथील कारागिराने पिकअपवरचा छोटा प्रीसेट (लेझरचा प्रकाश ठरवणारा, फिरवून बदलता येणारा रोध), मूळ जागेवर खूण न करता आणि मल्टिमीटरने मोजमापही न घेता, फिरवून दिला. पंधरा दिवस यंत्र उत्तम चालले, आणि नंतर त्याची अवस्था पूर्वीपेक्षा वाईट झाली. कोणत्या दिशेने आणि किती फिरवला, हे विचारले असता त्यांना ते आठवत नव्हते. मूळ नोंद कायमची गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्या एका आकड्यावर पुढचे सगळे काम सोपे झाले असते.

खेळ चालू असताना यंत्र आपोआप पुन्हा सुरू होण्याचा दोष पूर्वी होता, तो वेगळा होता आणि तो गेला आहे. वीजपुरवठ्याची पट्टी (सर्किट बोर्ड) मुख्य पट्टीवरच्या उभ्या पिनांवर बसते; त्या पिनांवर वर्षानुवर्षांत थर चढतो, संपर्क कच्चा होतो आणि व्होल्टेज क्षणभर खाली जाते. पिना स्वच्छ केल्या, ३.३, ५ आणि १२ हे तिन्ही व्होल्टेज भार असताना मोजले आणि ते योग्य आहेत. त्यामुळे कृपया पुन्हा पिनांचा उपाय सुचवू नये. भिंग पासोड्या विठोबाजवळून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले आहे, आणि पिकअप ज्या दांड्यांवर सरकतो ते दांडे पुसून त्यांना पांढऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात दिला आहे.

साधी सीडी चालते म्हणजे लेझर निर्दोष आहे, असे मला अनेकांनी सांगितले. परंतु मला ते पटत नाही. यामाहाने घडवलेल्या जीडी-रॉम चकतीच्या (ड्रीमकास्टचे खेळ याच चकतीवर येत) आतल्या भागात साध्या सीडीच्या दाटीचा सुमारे ३५ मेगाबाइटचा पट्टा असतो (खेळाची चकती साध्या सीडी प्लेअरमध्ये घातली की इशारा देणारा आवाज ऐकू येतो, तो याच पट्ट्यातला), आणि त्याबाहेरच्या कड्यापलीकडे साधारण एक गिगाबाइटचा दाट भाग असतो. सीडीच्याच लेझरने तेथे अधिक जवळजवळ कोरलेल्या खाचा, अधिक वेगाने फिरणाऱ्या चकतीवरून वाचायच्या असतात. म्हणून प्रकाश थोडा कमी पडला तर साधी सीडी निभावून जाते आणि खेळाची चकती अडखळते.

मूळ जागा माहीत नसताना प्रीसेट योग्य ठिकाणी कसा आणावा, आणि लेझरचा प्रकाश देणारा डायोडच संपत आला आहे की दोष अन्य कोठे आहे, हे तो आणखी न जाळता कसे ओळखावे, एवढेच मला विचारायचे आहे. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते, सोल्डरिंगची सवय आहे आणि प्रयोगशाळेतला २० मेगाहर्ट्झचा सीआरओ (विद्युत संकेताचे चित्र पडद्यावर दाखवणारे उपकरण) काही दिवसांसाठी मिळू शकेल.

प्रतिसाद १

ताई, सीआरओ मिळणार असेल तर अर्धे काम झालेच म्हणून समजा. त्याआधी प्रीसेट नेमके काय करतो ते सांगतो, कारण येथेच बहुतेकांची गफलत होते.

लेझर डायोडच्या डबीतच प्रकाश मोजणारा दुसरा एक डायोड असतो. त्याच्याकडून येणाऱ्या प्रवाहावर लक्ष ठेवून मागचे सर्किट लेझरचा प्रवाह कमी-जास्त करते आणि प्रकाश ठरावीक पातळीवर राखते. ती पातळी प्रीसेटने ठरते. याचा अर्थ असा की लेझर म्हातारा होत असेल तर हे सर्किट आपण होऊन प्रवाह वाढवत जाते, त्यासाठी प्रीसेटला हात लावण्याची गरज नसते. प्रीसेट फिरवल्याने तात्पुरता गुण येतो तो बहुधा वेगळ्या कारणाने: डबीतून प्रकाश पुरेसा निघतो, पण भिंगाच्या खालच्या आरशावर धूळ किंवा धुरकट थर असल्याने तो चकतीपर्यंत पोहोचत नाही. डबीतल्या मोजणाऱ्या डायोडला हा थर दिसतच नाही. मग आपण प्रकाश वाढवून थरावर मात करतो आणि डायोडचे आयुष्य विनाकारण खर्ची घालतो. तापल्यावर दोष वाढतो, याचीही संगती येथे लागते, कारण तापलेल्या डायोडला तेवढ्याच प्रकाशासाठी अधिक प्रवाह लागतो.

म्हणून आधी भिंगाखालचा आरसा पाहा. भिंग तारांवर तरंगते, त्यामुळे ते चिमट्याने उचलू नका. बाजूच्या फटीतून हातपंपाने हवा मारा आणि लागलाच तर अगदी बारीक काडीला कापूस गुंडाळून, अल्कोहोलने जेमतेम ओला करून, एकदाच फिरवा.

त्यानंतर मोजणी. वीज बंद करून, पिकअपला जोडणारी चपटी तारपट्टी सोडवून प्रीसेटचा आजचा रोध लिहून ठेवा. मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा, कारण स्थिर विजेच्या एका झटक्याने हा डायोड जातो. मग ड्राइव्हवरच्या आरएफ ॲम्प्लिफायर चिपच्या (पिकअपचा संकेत मोठा करणाऱ्या) माहितीपत्रकातून तिच्या निर्गमाची पिन शोधा आणि गाण्यांची सीडी लावून तेथे सीआरओ जोडा. खेळाच्या चकतीवर हे करू नका, तिच्यावरून वाचण्याचा वेग बदलत असल्याने चित्र स्थिर राहत नाही. साध्या सीडीवर एकपट वेगाला सर्वांत आखूड खाचांचा संकेत सुमारे ७२० किलोहर्ट्झ आणि सर्वांत लांब खाचांचा सुमारे १९६ किलोहर्ट्झ असतो, म्हणजे आपला सीआरओ पुरेसा आहे. एकात एक गुंफलेले चौकटीसारखे डोळे, म्हणजे रेघांमधल्या मोकळ्या जागा, दिसतील. ते स्वच्छ, रिकामे आणि मधोमध असले पाहिजेत. नुसती उंची पाहून समाधान मानू नका.

एक कळकळीची विनंती आहे. झाकणाचा स्विच दाबून उघड्या यंत्रावर काम करताना भिंगाकडे वरून पाहू नका. ७८० नॅनोमीटरचा हा प्रकाश डोळ्याला फारसा जाणवत नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही.

प्रतिसाद २

आपल्या यंत्रातील मुख्य पट्टी व्हीए१ प्रकारची (ड्रीमकास्टच्या पट्टीची एक आवृत्ती) असेल तर ड्राइव्ह काढून त्या जागी एसडी कार्डावरून खेळ चालवणारे जीडीईएमयू बसवता येते. लेझरची चिंताच मिटते. माझ्याकडे अनेक वर्षे तेच आहे.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. जीडीईएमयू मला माहीत आहे आणि ज्यांचा ड्राइव्ह खरोखर संपला त्यांच्यासाठी ती सोय मोलाची आहे. परंतु मुलाने जपून ठेवलेल्या सगळ्या मूळ चकत्या माझ्याकडे आहेत आणि त्या याच ड्राइव्हमध्ये फिरलेल्या मला हव्या आहेत. आरशाचे पाहून दहा-बारा दिवसांत कळवते.

धागाकर्ती (अकरा दिवसांनी)

पहिल्या प्रतिसादातील निदान बरोबर निघाले. आरशावर धुरकट थर होता, काडी एकदा फिरवल्यावर कापसाला पिवळसर डाग लागला. प्रीसेटला हात न लावता, केवळ या सफाईने सीआरओवरील संकेताची उंची सुमारे एक तृतीयांशाने वाढली. डोळे मात्र कडेला जाड आणि अस्वच्छ दिसत होते, म्हणजे दुकानात वाढवलेला प्रकाश आता अतिरिक्त ठरत होता.

त्यानंतर दर वेळी वीज बंद करून मी रोध वीस-वीस ओहमने वाढवत गेले. माझ्या पिकअपवर रोध वाढला की प्रकाश कमी होतो, हे सीआरओवर दिसले. इतरांनी आपल्या पिकअपवर दिशा स्वतः तपासावी. एकूण चाळीस ओहम वाढवल्यावर डोळे स्वच्छ झाले. ऐंशीपर्यंत खेळाच्या चकत्या सुरू होत राहिल्या, शंभरावर पुन्हा मेनू येऊ लागला. तेथून मागे येऊन मी साठावर थांबले, म्हणजे डायोडवरचा ताण कमी राहील आणि तापल्यानंतरही चकती वाचण्यापुरता वाव उरेल. तीन वेगवेगळ्या चकत्या प्रत्येकी दीड तास चालवून पाहिल्या, प्रत्येक वेळी पहिल्याच प्रयत्नात सुरू झाल्या.

अंतिम रोध, तारीख आणि फिरवण्याची दिशा एका चिठ्ठीवर लिहून ती ड्राइव्हच्या पत्र्याला आतून चिकटवली आहे, म्हणजे पुढे हे यंत्र उघडणाऱ्याला ती नोंद मिळेल.