एक्सआरडी आलेखातला ७ अँगस्ट्रॉमचा पीक ५५० अंशांवर तापवल्यावर गेला, म्हणजे केओलिनाइटच ना?

मृद्गंधा: सरोवराच्या तळातल्या गाळावर काम करतेय. २ मायक्रॉनखालचा भाग वेगळा काढून काचपट्टीवर बसवला आणि एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन, खनिजं ओळखण्याची चाचणी) तीनदा घेतला: हवेत वाळवून, ग्लायकॉलची वाफ देऊन, मग ५५० अंशांवर तासभर तापवून. सुरुवातीला १४, १० आणि ७ अँगस्ट्रॉमला पीक (आलेखातले उंचवटे; आकडा खनिजातल्या थरांमधलं अंतर) होते. ग्लायकॉलनंतर १४ चा बराचसा भाग १७ वर सरकला, थोडा जागेवरच राहिला. तापवल्यावर ७ चा साफ गेला. म्हणून तक्त्यात स्मेक्टाइट, इलाइट, केओलिनाइट ही चिकणमातीची खनिजं लिहिली. सरांनी केओलिनाइटखाली लाल रेघ ओढली आणि 'सिद्ध कर' म्हणाले. माझं कुठे चुकलं?

गाळशोध्या: रेघ अगदी योग्य जागी आहे. ग्लायकॉल देऊनही १४ वर जे राहिलं, त्याचा हिशोब तक्त्यात कुठेच नाही. ते क्लोराइट (असंच आणखी एक थरांचं खनिज) असेल तर त्याचा दुसरा पीकही ७ च्या आसपासच येतो. आणि ५५० ला क्लोराइटचाही ७ चा पीक विरतो. वाढतो तो १४ चा. म्हणजे ७ चा गेला यावरून काहीच ठरत नाही. लोहयुक्त क्लोराइट असेल तर अजून घोळ, कारण त्याचा १४ चा मुळातच दुबळा आणि ७ चा जोरदार असतो.

माझ्या पहिल्या गाभ्यात (तळातून काढलेला गाळाचा उभा दंड) मी सगळा ७ केओलिनाइटच्या खात्यात टाकला होता. पुढे सगळ्या पट्ट्या पुन्हा चालवाव्या लागल्या. तेव्हापासून न तापवलेल्या पट्टीवर २४ ते २६ अंश टू-थीटा (क्ष-किरण वळण्याचा कोन) एवढाच टापू अगदी हळू चालवतो. यंत्रात तांब्याची क्ष-किरण नळी असेल तर केओलिनाइट २४.९ जवळ (३.५८ अँगस्ट्रॉम) आणि क्लोराइट २५.१ जवळ (३.५४). घाईच्या स्कॅनमध्ये तिथे एकच बोजड उंचवटा दिसतो. सावकाश चालवलं की त्याच उंचवट्याला मधोमध खाच पडते. ती खाच बघितल्याशिवाय मी आता केओलिनाइट हा शब्द लिहीत नाही.

भट्टीवाला: सिरॅमिकच्या कच्च्या मालाची तपासणी करतो. खाच दिसली नाही तर थोडा ताजा नमुना कोमट, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा. क्लोराइट बहुतांशी विरघळतं, केओलिनाइट तग धरतं. इन्फ्रारेडची सोय असेल तर ३६९५ आणि ३६२० प्रति सेंटीमीटरला केओलिनाइटच्या टोकदार पट्ट्या दिसतात.

मृद्गंधा: रात्रीच चालवला. खाच आहे! दोन्ही आहेत, पण ३.५४ चा उंच. तापवलेला आलेख पुन्हा उघडला, तर १३.८ ला एक बारीक पीक होता. मी तो गोंगाट समजून सोडला होता.

गाळशोध्या: तो क्लोराइटच. आता प्रमाण लिहिताना ७ चा पीक या दोन उंचींच्या प्रमाणात वाटून घ्या, पण तक्त्यावर 'अंदाजे' जरूर लिहा.