मौन आणि अबोला : 'शी' कुठे लागतो?

इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना ध्यानशिबिर करून आलो, तेव्हापासून हा प्रश्न मनात घोळतोय.

तिथे जे पाळतात त्याला 'आर्य मौन' म्हणतात. बोलणं बंद, शिवाय खाणाखुणा, चिठ्ठ्या, नजरानजरसुद्धा नाही. साधनेतली शंका आचार्यांना विचारायची, राहण्याजेवणाची अडचण व्यवस्थापकांना सांगायची, तेवढीच मोकळीक.

घरी आल्यावर आईच्या औषधाची वेळ चुकली आणि बायकोशी खटका उडाला. भांडायचं नाही, मौन पाळायचं, असं मी ठरवलं. दोन दिवस तसाच राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ओट्यावरून चहाचा कप माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली, "अहो, याला मौन नाही म्हणत, अबोला म्हणतात."

तिचं बरोबर होतं. व्याकरणच बघा ना. अबोला कोणाशी तरी धरतात, त्याला 'शी' प्रत्यय लागतो : भावाशी, जावेशी, शेजाऱ्यांशी. 'तिच्याशी मौन धरलं' असं कोणी म्हणत नाही. मौन नुसतं धरतात, पाळतात. फार तर एखाद्या विषयावर बाळगतात. अबोल्याला समोर माणूस लागतोच, आणि तोंड मिटलं तरी मनात त्याच्याशी बोलणं चालूच राहतं. ते दोन दिवस मी मनातल्या मनात तिला उत्तरंच देत होतो. शिबिरात श्वासाकडे बघायला शिकलो नसतो, तर हे माझ्या ध्यानातही आलं नसतं.

'मौन' हा 'मुनी'वरून आलेला शब्द. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे प्रकार सांगितलेत, तिथे मौन वाणीच्या तपात नाही, मनाच्या तपात आहे (१७.१६). वाणीच्या तपात आधी येतं ते 'अनुद्वेगकरं वाक्यं', म्हणजे समोरच्याला न टोचणारं बोलणं. लहानपणी पाठ केलेल्या ओळी, अर्थ आत्ता लागला.

'गप्प' आणखी वेगळा. गप्प बसवता येतं, गप्प करता येतं; मौन असं दुसऱ्यावर लादता येत नाही. मूग गिळून बसणाऱ्याला तर बोलायचं काय ते ठाऊक असतं, तो सोयीने बोलत नाही.

आता विचारायचंय ते असं : तुमच्याकडे अबोला सुटतो, संपतो की आणखी काही?

प्रतिसाद : आमच्या घरी अबोला 'मिटतो'. भांडण मिटतं तसाच. मौन मात्र 'सुटतं', उपास सुटतो तसं. मौन मिटलं असं कधी ऐकलं नाही.

मूळ लेखक : अगदी नेमकं. मिटायला दोघं लागतात. शिबिरात दहाव्या दिवशी मौन सुटतं, पण त्याआधी मंगल मैत्रीची, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतण्याची, साधना शिकवतात. तोंड उघडायचं ते त्यानंतर. त्या सकाळी मी कप उचलला आणि वेळ माझ्याकडूनच चुकली हे तिला सांगितलं. मग दोघांनी बसून आईच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीत भरल्या.